नोकरी सोड म्हणणाऱ्या मित्रांना



गेल्या महिन्यात बैठकीत एकाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू कवी का गिरणीवाला? एक काय ते ठरव." पोरं हसली. मीपण हसलो. हसून गप्प बसलो त्याचा राग अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय. दिवसभर चक्कीच्या आवाजात ओरडून बोलणाऱ्या माणसाला शांत खोलीत बोलायचं सुधरत नाही.

आधी गिरणीचं सांगून टाकतो. 'गिरणी कामगार कवी' असं नावापुढे छापलं की लोकांना भोंगा आणि चिमणी दिसते. भोंगा माझ्या आजोबांचा. ते कापडाच्या गिरणीत रिंग खात्यात. विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला आपली थुंकी चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनवाल्यांच्या तोंडावर मांडला होता. आजोबा १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांबरोबर बाहेर पडले ते परत आत गेले नाहीत. वर्सोव्यात एका बिल्डिंगवर वॉचमन झाले.

माझी गिरणी पिठाची. यारी रोडच्या बाजूला एक गाळा, दोन चक्क्या, एक मिरची कांडप. आम्ही तिघं आणि मालक. सकाळी आठ ते दीड, परत साडेचार ते साडेनऊ. सोमवारी बंद. पगार सोळा हजार. पहिल्या दिवशी मालकाने सांगितलं, गिऱ्हाईकाने आडनाव विचारलं तर पाटील सांग. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ सालचं. मी जन्मायच्या कितीतरी आधीचं पुस्तक, आणि मालकाने ते न वाचता मला तोंडपाठ करून दिलं. मी पाटील सांगत नाही. आडनावच सांगत नाही. हीपण चोरीच, मला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, पीठच तर दळतोस, त्यात काय. तर ऐका. २०१६ च्या ऑक्टोबरात उत्तराखंडच्या बागेश्वर जिल्ह्यात एक दलित माणूस पिठाच्या गिरणीत गेला, गिरणी बाटली म्हणून त्याला ठार मारलं. अटक झाली ती एका शाळामास्तराला. गिरणी आणि मास्तरकी, माझे दोन्ही धंदे त्या एका बातमीत आहेत. तेव्हा आमच्या पिठाला हलकं समजू नका.

आता मास्तरकीचं. दीड ते साडेचार गिरणी बंद असते. मालक झोपतो, आम्हीपण झोपावं हा हिशोब. मंगळवारी आणि शुक्रवारी मी झोपत नाही. डोक्यावरचं पीठ झटकतो आणि दोन वाजता वस्तीतल्या विहारात जातो. वीस-बावीस पोरं येतात. थोडी आपली, थोडी कोळीवाड्यातली, काही यूपीकडच्या भाड्याने राहणाऱ्यांची. चित्र काढतो, शब्द जोडतो, गाणी बांधतो. मला चित्रकला कुणी शिकवली नाही. चुकत चुकत जे आलं ते देतो. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. सहावी ते आठवीत शंभराच्यावर पोरं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक पाहिजे असं त्यात लिहिलंय. माझ्याकडे येणाऱ्या एकाही पोराने असा प्राणी पाहिलेला नाही. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ग्रेडवर दहावीला वाढीव मार्क मिळतात. ते मार्क कुणाच्या घरात जातात? ज्यांच्या आयांना क्लासची फी परवडते त्यांच्या.

आणि कविता. ती डब्यावरच्या चिठ्ठ्यांवर होते. दळणाच्या डब्यावर नाव, वजन, जाड का बारीक असं लिहून चिठ्ठी लावायची असते. एकदा एका चिठ्ठीवर ओळ सुचली म्हणून लिहिली, गडबडीत तीच एका कोळणीच्या तांदळाच्या डब्यावर चिकटवली. मावशी संध्याकाळी डबा घेऊन परत. "काय रे, ह्यात वजन कुठं हाय?" पुढचे चार दिवस तोच प्रश्न डोक्यात होता. ती ओळ मी काढून टाकली. खरंच वजन नव्हतं तिच्यात.

तर माझा दिवस असा. आता तुमच्याकडे येतो.

मला नोकरी सोड म्हणणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले आरामनगरातले. नाव बघा, आरामनगर! वर्सोव्यातल्या जुन्या बैठ्या बंगल्यांत आता ऑडिशनचे स्टुडिओ आणि नाटकाच्या वर्कशॉपी भरतात. देशभरातली पोरं तिथे फोटो घेऊन रांगेत उभी असतात. अशाच एका ठिकाणच्या माणसाने विहारातला वर्ग पाहिला. म्हणाला, यू आर वेस्टिंग युवरसेल्फ, जॉब सोड, आमच्या वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन दिवस पोरांना तुझी रॉ भाषा शिकव. पैशाचं विचारलं तर म्हणाला एक्स्पोजर मिळेल. त्यांची फी काय ते बाहेरच्या बोर्डावर लिहिलेलं होतं. मी नमस्कार करून निघालो. यांच्यावर जास्त शाई घालवत नाही, त्यांचा धंदा सरळ आहे.

दुसरे तुम्ही. माझे. तुमच्यावर शाई घालवायची आहे.

तुम्ही म्हणता, नोकरी म्हणजे व्यवस्थेशी तडजोड, मालकाच्या दावणीला बांधलेला कवी विद्रोह काय करणार. बरं. १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कशासाठी? पगारातून पैसे साठवून लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं होतं. 'मूकनायक' निघाला ३१ जानेवारी १९२० ला, म्हणजे ते नोकरीत असतानाच. नोकरी सरकारी, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. राजीनामा मार्च १९२० मध्ये. पुढचं अजून कमी लोकांना ठाऊक असतं. जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाबासाहेब बाटलीबॉय अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. महाडचं चवदार तळं २० मार्च १९२७ चं. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ चा, रकानेच्या रकाने स्वतः लिहून भरलेला. म्हणजे तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्या वर्षी हा माणूस पोटासाठी हिशोबनीसांच्या पोरांना शिकवत होता. आता बैठकीत विचारा त्यांना, की तुम्ही पुढारी का मास्तर, एक काय ते ठरवा.

आणि 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, हे तुम्ही भाषणात सांगता. त्यातला अर्थ मात्र गाळता. कुणीतरी पैसे दिले होते.

वामनदादांचं घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, मुंबईत मिळेल ती मजुरी केली, मोठेपणी अक्षर ओळखायला शिकले, आणि शिकले ते लगेच गाण्यात घातलं. नारायण सुर्वे गिरणीत होते, मग शाळेत शिपाई, मग त्याच धंद्यात मास्तर. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चं, 'माझे विद्यापीठ' १९६६ चं. यांचे फोटो तुम्ही बॅनरवर लावता. फोटोतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं असायचं, हे बॅनरवर कुठे मावतं?

पण मी नोकरीची आरती करत नाहीये. कष्टात कविता तावून सुलाखून निघते असं म्हणणारे पांढरपेशे टीकाकार मला साडेनऊनंतर भेटावेत, दगडाला टाकी मारून झाल्यावर, हात थरथरत असताना. थकव्याने कविता सुधारत नाही. थकव्याने कविता लहान होते, मग बंद होते. गेल्या दिवाळीत भाजणीची गर्दी होती, पंधरा दिवस एक अक्षर लिहिलं नाही. वर्गात एका पोरीने विचारलं, दादा, आभाळ निळंच का काढायचं? मी तिच्यावर खेकसलो. ती दोन आठवडे आली नाही. तिच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. असला मास्तर कुणाला पाहिजे?

म्हणून सांगतो, 'समतोल' हा शब्द माझ्यापुढे काढू नका. नोकरी, कला आणि शिकवणं यांचा समतोल कसा साधता, असं एका बाईंनी कार्यक्रमानंतर कौतुकाने विचारलं होतं. बाई, आमच्या गाळ्यात काटा मालकाच्या हातात असतो. माझ्याकडे तीन तासांची एक दुपार आहे, ती मी कापून वाटतो.

भांडायचं असेल तर या तासांवर भांडू. पोस्टरवर तुम्ही लिहिता, बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ केले. जरा कायदा उघडून बघा. १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि त्यांनी मांडलेल्या १९४६ च्या कारखाने दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ झाले. सहा तास. पोस्टरपेक्षा लहान दिसतात, पण सहा तास म्हणजे माझे आठवड्यातले दोन वर्ग आणि वर एक कविता. माझा आठवडा ६३ तासांचा भरतो. २०१७ चा दुकान-आस्थापनांचा कायदा आता वीसच्या आत कामगार असतील तिथे लागत नाही, मालकाने फक्त कळवायचं. आम्ही तिघं, म्हणजे कायद्याच्या हिशोबात शून्य. आणि ज्यांना कायदा लागतो त्यांचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकानांत ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तेच राहतील म्हणे. बारा तास उभा राहिलेला माणूस संध्याकाळी विहारात येऊन पेटी वाजवील? आपल्यातल्या किती जणांनी याच्यावर एक पत्रक काढलं? पुतळ्याच्या रंगावर तीन बैठका झाल्या.

अण्णाभाऊंचं तर बोलायलाच लाज वाटते. वर्सोव्याहून मेट्रोत बसलं की दुसऱ्या टोकाला घाटकोपर, तिथलं चिरागनगर. त्या झोपडपट्टीत राहून 'फकिरा' लिहिणारा माणूस. १८ जुलै १९६९ ला गेला तेव्हा वय ४८. २००२ साली त्याचं चार रुपयांचं टपाल तिकीट निघालं. २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. सरकार म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देतं, २०२४ पासून महिना पाच हजार. वयाची अट पन्नास. अण्णाभाऊ बसत नाहीत त्यात!

सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, पण आपण काय करतो? चौदा एप्रिलला मंडपवाल्याला पैसे, डीजेवाल्याला ॲडव्हान्स, बॅनर छापणाऱ्याला रोख. शाहिराला शाल. वर्षभर पोरांना गाणी शिकवणाऱ्याला तीपण नाही, कारण तो 'आपलाच' असतो. समाजकार्य आहे, पैसे कसले मागतोस? ही वेठबिगार आहे. फक्त सांगणारा पाटील नाही, भाऊ आहे. गावकीची फुकटातली कामं टाकून द्यायला बाबासाहेबांनी सांगितलं, ती आपण निळ्या झेंड्याखाली परत सुरू करायची?

चळवळीला पूर्णवेळ माणसं लागतात, मान्य. मग त्यांच्या चुलीचं आधी ठरवा. बैठकीला आपण तीस जण असतो. माणशी दोनशे काढले तर सहा हजार होतात. सोळा हजारांची नोकरी सुटणार नाही त्यात, पण संध्याकाळच्या पाळीतले दोन दिवस मालकाकडून मागून घेता येतील, तेवढा पगार कापला तरी घर चालेल. हे माझ्यासाठीच मागतो असं नाही. मुलुंडला एक जण रात्री रिक्षा चालवतो आणि सकाळी पोरांना ढोलकी शिकवतो. त्याचं आधी करा.

माझी आजी जात्यावर गायची. गावाकडे पहाटे दळताना बायांनी रचलेल्या लाखावर ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी गावोगाव फिरून जमवल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या कितीतरी आहेत. त्या बायांना कुणी विचारलं नाही, तू कवयित्री का दळणारी. हात दळत होते, तोंड मोकळं होतं, शेजारी पोरगी बसून ऐकत शिकत होती. काम, कविता आणि शाळा एकाच दगडाभोवती. विजेची चक्की आली, बायांचे हात सुटले, चांगलंच झालं. पण आवाज इतका की गाणं बंद. त्या बंद पडलेल्या गाण्याच्या जागेवर मी रोज साडेदहा तास उभा असतो.

आता ताजी खबर. मालक म्हणतो, पुढच्या महिन्यापासून दुपारी गिरणी बंद ठेवायची नाही, बाजूला नवीन दुकान निघालंय, तयार पीठ विकतात, गिऱ्हाईक तुटतंय. तो खोटं बोलत नाही. पण मंगळवार-शुक्रवारची दोन ते चार गेली तर वर्ग गेला. मी त्याला म्हटलं, विचार करून सांगतो. पहिल्यांदाच त्याला असं म्हटलं. बाकीच्या दोघांशी बोललोय, एक तयार आहे, दुसरा पंढरपूरकडचा, बायको गरोदर, तो घाबरतोय. त्याच्यावर मी जोर टाकणार नाही.

येत्या मंगळवारी दोन वाजता विहारात या. मी कवी का गिरणीवाला ते तिथेच विचारा, पोरांसमोर. येताना रंगखडू आणा, निळे संपलेत. मालकाशी बोलायला माझ्याबरोबर कोण येतंय तेही तेव्हाच ठरवू. साडेचारच्या आत, मला पट्टा चढवायला जायचं असतं.