तालमींतील तारतम्य

थंडी पडली कीं तालमींत व व्यायामशाळांत गर्दी होते, ही गोष्ट आम्हांस संतोषाचीच वाटते. परंतु वर्षभर पेढीवर बसलेल्या गृहस्थानें पहिल्याच दिवशीं ईर्षेस पेटून दोनशें बैठका माराव्या व वस्तादानें त्यास शाबासकी द्यावी, ह्यास आम्ही पराक्रम म्हणत नाहीं. नव्या गिऱ्हाइकास पहिल्या दिवशीं हजारांची उधारी न देणारा व्यापारी स्वतःच्या मांड्यांशीं असा बेहिशेबी कां वागतो?

साधी अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं वाढते व आठवड्याभरांत निवते. तिचें भय नाहीं. भय निराळें आहे. अतिश्रमानें स्नायूंचे तंतू फुटले म्हणजे त्यांतील मायोग्लोबिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरून मूत्रपिंडांस बाधतें. लंडनवरील बॉम्बवर्षावांत ढिगाऱ्याखालीं चिरडलेल्यांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचें बायवॉटर्स व बील ह्यांनीं १९४१ सालीं नोंदविलें. हा विकार त्याच जातीचा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, मांड्या सुजून ताठल्या, तर तेल चोळीत बसूं नये, वेदनाशामक गोळ्याही घेऊं नयेत. तत्काळ इस्पितळ गांठावें.

वजन वाढवावयाचें तें शेंकडा दोन ते दहा, आणि तेंही हातचें सहज पेलूं लागल्यावर. त्याच अवयवांस मध्यें निदान एक दिवस विसांवा, पुरेसें पाणी, पुरती झोप. तालमींच्या चालकांनीं नवख्यांच्या पैजा बंद कराव्या, आणि लघवीच्या रंगाचा हा इशारा दारावर ठळक अक्षरांत लावावा, एवढें आमचें मागणें आहे.