उरलेल्यांचे काम नव्हे

युवागटाचे नाटक ठरले की आम्ही वाचन घेतो, भूमिका वाटतो, आणि शेवटी दोन-तीन मुले उरतात. कोणाचा आवाज लहान, कोणाचे पाठांतर कच्चे, कोणी नुसतेच लाजाळू. त्यांच्या पाठीवर हात ठेवून आम्ही मोठ्या मायेने म्हणतो, "तू बॅकस्टेजला थांब हं." कित्येक वर्षे आम्ही हे वाक्य म्हणत आलो. ते आता बंद करावे असे आमचे मत झाले आहे, आणि त्याला कारण एक अंगठी.

मागच्या उपवासकाळात आमच्या मुलांनी उधळ्या पुत्राचे नाटक बसवले. सहायक रंगमंच व्यवस्थापक होती पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी. कॉलेजच्या एकांकिकेत ती हे काम शिकली होती. आमचा समज असा की खुर्च्या उचलायच्या आणि पडदा ओढायचा, म्हणजे झाले. तालमीच्या पहिल्याच दिवशी तिने जमिनीवर चिकटपट्टी लावून दार कुठे, ओटा कुठे ते आखून घेतले. संहितेच्या समासात प्रत्येकाची हालचाल लिहिली, तीही पेन्सिलने, कारण दिग्दर्शकाचे मन रोज बदलते. (आमचेही बदलत होते.) जो तालमीला आला नाही त्याचे संवाद ती वाचायची. आणि नट थांबला की तो मुद्दाम थांबला आहे की विसरला आहे, हे तिला कळायचे. हे सोपे नाही. मुद्दामच्या शांततेत कोणी शब्द पुरवला तर प्रसंगच मोडतो, आणि विसरलेल्याला एका श्वासात शब्द मिळाला नाही तर पोरगा कोलमडतो. त्यात आमच्या बेळगावची गंमत अशी की रंगमंचावर मराठी, विंगेत कोकणी आणि लाइटवाल्याशी कानडी. तिघांशी तीच बोलत होती.

प्रयोगाच्या दिवशी दिग्दर्शकाचे काम संपलेले असते. तो प्रेक्षकांत बसून नखे खातो. नाटक तेव्हा व्यवस्थापकाच्या हातात असते. एका विंगेत संहिता घेऊन तो दिव्यांचे, पडद्याचे इशारे देतो, आणि पलीकडच्या विंगेत जे त्याला दिसत नाही ते सहायक सांभाळतो. तिने तिथे एका टेबलावर खाकी कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली होती: झगा, वहाणा, काठी, अंगठी. वस्तू जागेवर नसेल तर रिकामी रेषाच ओरडून सांगते.

शेवटच्या प्रवेशाआधी अंगठीची रेषा रिकामी होती. बापाचे काम करणाऱ्या मुलाने ती बोटात घालून बघितली होती आणि मेकअपच्या खोलीत विसरला होता. तिच्या कमरेच्या पिशवीत पितळेची दुसरी अंगठी होती. ती चाकराच्या हातात गेली, चाकर आत गेला, बापाने मुलाच्या बोटात घातली. सभागृहात डोळे पुसले जात होते. कोणालाही काही कळले नाही.

नंतर आम्ही सर्वांना गुलाब दिले. नटांना, दिग्दर्शकाला, ध्वनिवाल्या काकांना, चहा देणाऱ्या भगिनींना. तिचे नाव यादीत नव्हते. यादी आम्हीच केली होती.

नाताळच्या नाटकासाठी विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, यंदा मी बघायला येईन." रागाने नाही, अगदी साधेपणाने.

त्या रात्री लूकचा पंधरावा अध्याय पुन्हा वाचला. बाप झगा, अंगठी, वहाणा आणायला सांगतो ते चाकरांना. मेजवानी कोणासाठी होती हे आपण दरवर्षी मुलांना शिकवतो. पण त्या वस्तू धावत जाऊन आणता येतील अशा जागी कोणीतरी ठेवल्या होत्या, हे आम्ही कधी शिकवले नव्हते. पुढे बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाची तयारी करायला येशूने पाठवले ते पेत्र आणि योहान यांना. खोली बघायची, भोजन मांडायचे, पाण्याचे मडके घेऊन जाणाऱ्या माणसामागून घर शोधायचे. शिष्यांतल्या उरलेल्या दोघांना पाठवले नाही, अगदी जवळच्या दोघांना पाठवले. आपल्या सॅक्रिस्टीतही तेच. मिस्साआधी पाणी, द्राक्षरस, हात पुसायचे कापड मांडून ठेवणाऱ्याचा हात चुकला तर धर्मगुरूंना वेदीवरच थांबावे लागते.

कोणी म्हणेल, गुप्त सेवेचे फळ स्वर्गीय पिता देतो, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये. खरे आहे. पण तो उपदेश देणाऱ्याला केला आहे, यादी करणाऱ्याला नाही. तिने नाव मागू नये हे तिच्या भक्तीचे. आम्ही विसरावे हा आमचा आळस. त्या आळसाला आम्ही बराच काळ नम्रतेचे नाव देत आलो.

म्हणून यंदापासून आमच्या गटात रंगमंच व्यवस्थापक आणि सहायक आधी निवडावेत, नट नंतर, असे आम्ही फादरांसमोर मांडले आहे. ज्याला काम जमते, ज्याच्यावर बाकीच्यांचा भरवसा आहे, त्यालाच ते द्यावे. मोठा आवाज पुष्कळांकडे असतो. अंधारात न घाबरता उभे राहणारे थोडे. एक-दोघांना हे पटलेले नाही. पालक नाराज होतील म्हणतात. होऊ देत.

मागच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही तिच्या घरी गेलो आणि चुकलो असे सांगितले. तिची आई आम्हाला सावरू लागली, "अहो सर, एवढं काय त्यात!" मुलगी काही बोलली नाही. आत जाऊन मागच्या वर्षीची संहिता घेऊन आली. शेवटच्या पानावर पेन्सिलने, पुढच्या वेळी काय हवे ते लिहिले होते: निळ्या कागदात गुंडाळलेला बारीक दिवा, पलीकडच्या विंगेत. तिथे पायरी आहे, अंधारात पाय अडखळतो.

ती पायरी आम्ही इतकी वर्षे पाहिलीच नव्हती. दिवा या आठवड्यात लावायचा आहे.