अंधारी खोली, थोड्या पैशात



आजोबांना किंवा काकांना फोटोचा नाद असलेल्या घरात फोटो धुण्याची अंधारी खोली असे. आज तिथे ज्वारीची पोती असतात आणि निगेटिव्ह पेटीत पडून असतात. बुरशीने खाल्लेला चेहरा परत येत नाही. तेव्हा ती खोली पुन्हा कामाला लावा. रंगरंगोटीवर पैसे घालू नका. अंधार, पाणी आणि हवा यांवर घाला.

भर दुपारी दार लावून आत दहा मिनिटे बसा. डोळे सरावले की माळवदाचा झरोका, दाराखालची फट, सारे दिसते. खिडकीला पत्रा ठोका. दाराला आतून सोलापुरी चादर लावा, तिला काळे अस्तर द्या. तांबड्या दिव्याचीही परीक्षा घ्या. फोटोच्या कागदाच्या तुकड्यावर नाणे ठेवून पाच मिनिटांनी तो धुवा. नाण्याची खूण उमटली, तर दिवा लांब न्या.

डेव्हलपरला सुमारे २० अंश तापमान मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून हे काम थंडीत करावे, नाहीतर माठाचे पाणी घातलेल्या मोठ्या परातीत ट्रे ठेवावा. बोअरच्या जड पाण्याचे फिल्मवर पांढरे डाग पडतात. शेवटची धुवण बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याची असावी.

एका भिंतीला एन्लार्जर आणि वीज, समोरच्या भिंतीला शहाबादी फरशीवर तीन प्लास्टिकचे ट्रे. ओल्या हाताने बटणाला शिवू नये. ट्रे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. वर छोटा पंखा बसवून त्याला आतून काळा रंगवलेला वाकडा पत्र्याचा नळ जोडा. हवा वळण घेते, उजेड घेत नाही. हवा आत येण्यासाठी खालीही असाच नळ ठेवा.

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल आता बनत नाही. परदेशी कागद महाग पडतो. म्हणून आधी एका पट्टीवर ५, १० आणि १५ सेकंद उजेड देऊन पाहा, मगच पूर्ण कागद वापरा.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो विहिरीत, ओढ्यात किंवा गुरांच्या वाटेवर ओतू नका. नाव लिहिलेल्या कॅनमध्ये मुलांच्या हाती लागणार नाही असा साठवा आणि चांदी काढणाऱ्याला द्या. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

फोटो वाळला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर धरा. कोण, कुठला, कोणत्या साली, हे विचारून मागे शिसपेन्सिलीने लिहा. खोली पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल. सांगणारे माणूस तोवर असेलच असे नाही.