आग विझली, आता पाणी

न्यू मेक्सिकोतही मान्सून असतो. जूनच्या मध्यावर येतो, सप्टेंबरपर्यंत टिकतो. २०२२ साली तो आला तेव्हा तिथली हर्मिट्स पीक–काफ कॅन्यनची आग पुरती विझलीही नव्हती. अमेरिकेच्या वनखात्याने रान मोकळे करायला मुद्दाम लावलेल्या दोन आगी हाताबाहेर गेल्या, एप्रिलमध्ये एकमेकींना मिळाल्या आणि सुमारे ३ लाख ४१ हजार एकर होरपळून गेले.

आग तीव्र असली की झाडापाल्यातली मेणचट द्रव्ये वाफ होऊन मातीत उतरतात आणि वरच्या थराखाली थिजतात. मग पाऊस मुरत नाही. राख, माती, दगड घेऊन तो खाली धावतो. लास व्हेगास (जुगाराचे नव्हे, न्यू मेक्सिकोतले त्याच नावाचे छोटे शहर) गॅलिनास नदीचे पाणी पिते. त्या पावसाळ्यात नदी राखेने आणि गाळाने इतकी गढूळली की शुद्धीकरण केंद्राने हात टेकले आणि शहरात पाण्याची आणीबाणी जाहीर झाली.

उपाय ठाऊक होते. उतारावर पेंढा पसरायचा, जळके ओंडके आडवे टाकायचे, मोऱ्या मोठ्या करायच्या. पण करायचे कोणी? वनखात्याचे आपत्कालीन पथक जळालेल्या डोंगराची पाहणी झपाट्याने उरकते, मात्र त्याचा पैसा केंद्राच्या जमिनीपुरता. कुंपणाच्या अलीकडे खासगी रान सुरू झाले की कृषी विभागाची मृदसंधारण सेवा. तिला आधी जबाबदारी घेणारी स्थानिक संस्था लागते, आणि साधारणपणे पाव खर्च त्या संस्थेने उचलायचा. सार्वजनिक रस्ते-पूल पाहायचे ते आपत्ती निवारण करणाऱ्या ‘फेमा’ने. गाळ काही सातबारा बघून वळत नाही.

या सगळ्यांच्या समन्वय बैठका होतात, नकाशेही एकमेकांना दिले जातात. थैल्या मात्र वेगळ्याच राहतात, आणि माझ्या मते दुखणे तिथे आहे. पुढे २०२२ मध्येच संसदेने भरपाईसाठी जवळजवळ ४०० कोटी डॉलर मंजूर केले. आग सरकारचीच, तेव्हा ते रास्तच. पण पहिल्या पावसात वाहून गेलेली माती धनादेशाने परत चढत नाही.

या खोऱ्यांत ‘असेकिया’ नावाचे गावकीचे जुने पाट आहेत. आपल्या धुळ्याकडच्या फड पद्धतीत पाटकरी असतो, तसा तिथे मायोर्दोमो. कुठल्या ओढ्याला कधी पूर येतो हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार? पहिल्या पाहणीपासून तो सोबत हवा. आणि खोऱ्यागणिक एकच अधिकारी हवा, ज्याला जमीन कोणाची हे न विचारता पावसाआधी खर्च करता येईल. खात्यांनी आपापला हिशेब मागाहून आपसात मिटवावा. यासाठी कायदा बदलावा लागेल. लेखापरीक्षक कुरकुरतील. कुरकुरू देत, त्यांच्यापाशी वर्षभर वेळ असतो.