विश्लेषण : काचेच्या पोकळ मण्याचे नाव वाचेल, पण तो घडवणाऱ्या हातांचे काय?

हाताने घडवलेल्या काचेच्या मण्यांच्या दोन परंपरा डिसेंबर 2020 मध्ये एकाच वेळी युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेल्या. एक इटली आणि फ्रान्सची, दुसरी चेकियाची. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच युरोपात गॅसचे दर भडकले आणि काचेच्या भट्ट्या विझू लागल्या. आता 1 डिसेंबर 2025 पासून युरोपीय संघाने हस्तकलेच्या वस्तूंसाठीही भौगोलिक मानांकनाचे, म्हणजेच ‘जीआय’चे दार उघडले आहे. त्याने मणी बनवणाऱ्याच्या पदरात काय पडेल?

मणी पोकळ कशासाठी?

आपल्याकडच्या बोरमाळेचे मणी पातळ सोन्याचे आणि आतून लाखेने भरलेले असतात. तिथे सोने वाचते. काच तशी स्वस्त. तिथे वाचवायचे असते ते वजन. 20 मिलिमीटर व्यासाचा भरीव काचमणी साधारण साडेदहा ग्रॅम भरतो. तोच मणी एक मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा आणि आतून पोकळ केला, तर तीन ग्रॅमही भरत नाही. असे दहा मणी गळ्यात घातले की फरक कळतो, कानात तर एकच पुरे.

फुंकर न मारता मणी फुगतो कसा?

कारागीर गॅस आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या टॉर्चसमोर बसतो. एका हातात काचेची कांडी, दुसऱ्या हातात स्टीलची बारीक सळई. काच चिकटून बसू नये म्हणून सळईवर मातीसारखा लेप दिलेला असतो. वितळलेल्या काचेच्या दोन चकत्या सळईवर थोडे अंतर ठेवून गुंडाळल्या जातात. मग दोन्हींच्या कडांवर एकेक थर चढवत, त्या एकमेकींकडे झुकवत नेल्या जातात आणि शेवटी मधोमध जुळवल्या जातात. आत हवा कोंडली जाते. या वेळी मणी ओबडधोबड, सांध्यावर खोलगट दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. मणी फिरवत पुन्हा तापवला की आतली हवा प्रसरण पावते आणि मऊ झालेल्या भिंतीला आतून बाहेर ढकलते. मणी डोळ्यांदेखत गोल होतो. इंजिनीअरिंगला वायूंचे जे नियम आम्ही पाठ करून पेपरात लिहिले, ते इथे कुणी मनगटाने वापरत असते. सांध्यात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तरी हवा निसटते आणि मणी बसतो. फिरवण्याचा वेग जरा चुकला तरी काच एका बाजूला ओघळते. तयार मणी सुमारे 500 अंश सेल्सिअसच्या छोट्या भट्टीत ठेवून सावकाश थंड करावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी तडकतो. सरावलेल्या हातालाही एका मण्याला दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात. किंमत असते ती या मिनिटांची.

चेकियाची पद्धत वेगळी

चेकियाच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातील पोनिक्ला गावात काचेची नळी बर्नरवर तापवतात, अनेक कप्प्यांच्या पितळी साच्यात धरतात आणि तोंडाने फुंकतात. एका फुंकरीत मण्यांची सरच तयार होते. तिला आतून चांदीचा मुलामा, मग रंग. त्यानंतर सर कापून मणी तारेत ओवतात आणि त्यांची ख्रिसमस ट्रीची सजावट बनवतात. युनेस्कोच्या यादीत नोंद झाली तेव्हा हे काम करणारी एकच कंपनी उरली होती.

ज्योत छोटी, मग गॅसची झळ का?

टॉर्च काम संपले की बंद करता येतो. काचेची मोठी भट्टी मात्र दिवस-रात्र पेटती ठेवावी लागते. युरोपातील घाऊक गॅसचा दर 2021 च्या सुरुवातीला मेगावॉट-तासाला 20 युरोंच्या आसपास होता, ऑगस्ट 2022 मध्ये तो 300 युरोंच्या वर गेला. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर 1291 पासून भट्ट्या आहेत, तिथेही अनेकांनी त्या काळात काम थांबवले. टॉर्चवर काम करणाऱ्याची कांडी आणि पोनिक्लाची नळी अशाच मोठ्या भट्टीतून येते. त्यामुळे स्वतःचा गॅस कितीही वाचवला तरी कच्च्या मालाचा दर त्याच्या हातात नसतो. युनेस्कोच्या यादीत नाव येण्याने अनुदान आपोआप मिळत नाही, नक्कल रोखण्याचा कायदेशीर हक्कही मिळत नाही.

जीआयने काय साधेल?

नक्कल करणाऱ्याला नाव वापरण्यापासून रोखता येईल. युरोपीय संघात आजवर हे संरक्षण शेतमाल, खाद्यपदार्थ, वाइन आणि मद्यापुरते होते. मुरानोच्या काचेसाठी वेनेतो प्रांताने 1994 मध्ये कायदा करून अधिकृत चिन्ह दिले, पण तो प्रांताचा कायदा. आता संरक्षण संपूर्ण संघात मिळू शकेल. मात्र जीआय गावाचे नाव राखते. त्या गावाबाहेर कुणी असाच पोकळ मणी बनवून वेगळ्या नावाने विकला, तर त्याला अडवता येत नाही.

शिवाय ‘हस्तनिर्मित’ म्हणजे नेमके काय, हे अर्जासोबतच्या तपशिलात लिहावे लागते. साच्याची रेघ दिसली की यंत्राचा माल, ही ग्राहकाची नेहमीची परीक्षा इथे चालत नाही. पोनिक्लाचा हाताने फुंकलेला मणीही साच्यातूनच येतो.

भारताचा अनुभव काय सांगतो?

या बाबतीत आपण युरोपाच्या पुढे होतो. 1999 च्या कायद्याने हस्तकलांना जीआय खुला झाला, तो 2003 पासून लागू आहे. वाराणसीच्या काचमण्यांना हे मानांकन मिळालेले आहे. पण पैठणीचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जीआय असूनही यंत्रमागावरची ‘पैठणी’ दुकानात राजरोस मिळते, कारण तक्रार करायची कुणी आणि तपासायचे कुणी, हा प्रश्न उरतोच. त्यात मानांकन मिळाले म्हणून प्रत्येक कारागिराला ते नाव आपोआप वापरता येत नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून त्याला वेगळी नोंदणी करावी लागते. दिवसभर टॉर्चसमोर बसून मण्यामागे मजुरी घेणाऱ्याला त्यासाठी कागदपत्रे जमवायला एक दिवस बुडवावा लागतो, आणि त्या दिवसाचे मणी कमी भरतात.