आईची पहिली परदेशवारी



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आम्ही चौघे लंडनला पोहोचलेले असू. धाकटा भाऊ राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर तिकडे शिकला आणि पुढे तिथेच नोकरीला लागला. “आईला घेऊन या,” हा त्याचा दोन वर्षांचा हट्ट. आई पाच महिने राहणार. मी, सौ. आणि मुलगा शाळा उघडायच्या आत परतणार. तानसासारख्या गावातून अशा प्रवासाची तयारी कशी होते, ते लिहिले तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून आजचा हा मजकूर.

पहिली अडचण कागदपत्रांची. आई शाळेत गेलेली नाही, जन्माची नोंद नाही. रेशनकार्डावर एक नाव, मतदार यादीत दुसरे, आधारवर तिसरे. मी पेशाने कारकून. गावातल्या दहा जणांचे अर्ज भरून देतो. पण घरच्या माणसाचे कागद कधी नीट पाहिले नव्हते. ही चूक माझी. राजपत्रात नाव जाहीर केले, आधार व पॅन एकसारखे करून घेतले आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरला. यात आठ महिने गेले. अर्जाची फी 1500 रुपये. ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात एक फेरी, मग पोलीस पडताळणी. मला शिवाय कार्यालयाची परवानगी आणि अर्जित रजेची मंजुरी घ्यावी लागली.

खरी कसोटी पुढेच होती. ब्रिटनचा पाहुण्यांचा व्हिसा सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. त्यासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. यंत्रावर आईचा ठसा उमटेना. सारा जन्म आवणी, लाकूडफाटा आणि वीटभट्टीवर गेला. बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. आई घाबरली. “माझ्यामुळं तुमचं पण ऱ्हाईल का रे?” म्हणाली. काउंटरवरच्या मुलीने तिला धीर दिला, हात पुसायला लावले, थोडा वेळ बसवले. तिसऱ्या खेपेला ठसे आले. ज्या हातांनी मजुरी करून आम्हा दोघा भावांना शिकवले, ते हात यंत्राला ओळखता येईनात! माझे डोळे भरून आले. घरात वडीलधारे असतील त्यांनी आठ दिवस आधीपासून रात्री हाताला तेल चोळावे आणि ठशाच्या दिवशी हात स्वच्छ धुऊन जावे.

सामानाचे थोडक्यात सांगतो. आईने नाचणीचे पीठ, मसाला, पेढे, तूप आणि सुके खोबरे काढून ठेवले होते. दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. सुके खोबरे तेलकट, पेट घेणारे. विमानाच्या सामानात ते चालत नाही. म्हणून पेढे, तूप, खोबरे घरीच राहिले. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठीही हातातच. तिकडे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर पाहुण्याला मोठा खर्च येतो, तेव्हा प्रवासाचा विमा काढावाच.

महत्त्वाचे कागद जवळ ठेवावेत, हा धडा तर बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. 1917 मध्ये लंडनहून परतताना त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली. महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडाली. 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा यशवंतराव वर्षाचेही नव्हते. रमाई मागे राहिल्या, पुढच्या परदेश प्रवासांतही मागेच राहिल्या. आज आपण घरच्या बाईमाणसांना आणि पोरांना बरोबर घेऊन विमानात बसतो, तेव्हा ही आठवण ठेवावी. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या 10 क्रमांकाच्या घरात बाबासाहेब 1921-22 मध्ये राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. आईला लंडनमध्ये दुसरे काही बघायचे नाही, एवढे घर बघायचे आहे.

जयंती झाली की निघायचे, असे आधीच ठरले होते. आईचा जीव मात्र शेतात. “राब भाजून झालाय, पन आवणीला मी नाय म्हंजे कसं?” चुलतभावाने शेत आणि शेळ्या अंगावर घेतल्या, चुलतीने घराची किल्ली घेतली, तेव्हा ती तयार झाली.

रात्रीचे विमान, पण भिवंडी बायपासची कोंडी ठाऊक असल्याने गाडी दुपारीच बोलावली आहे. निघण्यापूर्वी सगळी आळी जमून त्रिसरण-पंचशील घेणार आहे. आमच्या तलावाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. त्या नळांच्या बाजूने आई आजवर आटगाव स्टेशनापर्यंत पायी गेली, आता ती त्यांच्याही पुढे निघाली आहे.

एक विनंती. परदेशी जायचे असो वा नसो, आपल्या आईवडिलांचे कागद या आठवड्यात एकदा काढून बघा. नावे जुळतात का ते पाहा. पेन्शन, वारसा, दवाखाना, सगळीकडे ते लागतात. उरलेली हकीगत परतल्यावर.

जय भीम!