उष्ट्याची गोष्ट

गोदीत पाळी सुटायच्या वेळी बोटीवरच्या भंडाऱ्यानं खूण करून बोलावलं. ब्राझीलचा काळा माणूस. पुढ्यात ताटली ठेवली. काळ्या घेवड्याचं दाट कालवण, त्यात सुकं मांस, धुरी दिलेलं डुकराचं मांस, कान, पाय. बाजूला भात नि संत्र्याची फोड. म्हणाला, ही फेज्वादा, आमचं राष्ट्रीय जेवण.

कृती विचारली. घेवडा रात्रभर भिजवायचा. खारवलेलं मांस वेगळं भिजत घालून पाणी बदलत राहायचं. मग सगळं मंद आचेवर दोन-तीन तास. शेवटी कांदा-लसूण परतून त्यात थोडा घेवडा ठेचायचा नि परत भांड्यात सोडायचा. त्यानंच दाटपणा येतो.

घास घेतला नि आईच्या चान्या आठवल्या. दोरीवर वाळलेल्या, मिठाच्या. फरक एवढाच, त्याचं जेवण राष्ट्रीय. माझी आई चान्या शिजवताना खिडकी लावून घेते.

भंडारी सांगत होता, मालकांनी चांगलं मांस खाल्लं, कान-शेपट्या गुलामांना टाकल्या, त्यातून हे झालं. ही गोष्ट तिकडं घरोघर सांगतात. मी नंतर वाचलं. अभ्यासकांना ती पटत नाही. घेवडा नि डुक्कर एकत्र शिजवायची रीत पोर्तुगालची, आणि कान-पाय मालकही मिटक्या मारत खायचे. गुलामाच्या वाट्याला घेवडा, कसाव्याचं पीठ नि जमलं तर सुक्या मांसाचा तुकडा.

मग ही गोष्ट खपते कशी? च्यायला, ती मालकाच्या सोयीची आहे म्हणून! उष्टं टाकलं त्यातनं बघा केवढी चव निघाली, असं म्हणता येतं. चव दिसते, भूक झाकली जाते. रिओच्या वालोंगो धक्क्यावर आफ्रिकेतून आणलेली सुमारे ९ लाख माणसं उतरवली. तो धक्का २०११ साली खोदकामात सापडला, २०१७ साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवला. गुलामीचा कायदा १८८८ सालीच गेला. फेज्वादा बड्या हॉटेलांत गेली. फावेलांत आजही काळीच माणसं जास्त. ताट वर गेलं, माणूस खालीच.

आपल्याकडंही हेच होणार. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ साली आलं, आपल्या माणसानं आपलं जेवण लिहिलं, बरं झालं. पण उद्या कुणी हॉटेलवाला चान्या काचेच्या ताटात वाढील नि म्हणील, बघा, गरिबीची चव! तेव्हा टाळ्या पिटू नका.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. ते भांडण चवीचं नव्हतं, माणूसपणाचं होतं. फेकलेलं घ्यायचं नाही. पण घामाच्या पैशानं म्हशीचं मांस विकत आणून मीठ लावून वाळवलं, तर लाज कसली? ते कुणाचं उष्टं नाही.

रिओच्या गोदीतल्या काळ्या हमालांनी १९०५ साली आपली संघटना बांधली. मला त्यांच्या ताटापेक्षा हे जास्त घेण्यासारखं वाटतं. तुमच्या जेवणाचं कौतुक करायला कुणी आला तर आधी विचारा, बाबा रे, आम्हाला भाड्यानं खोली देशील का?

घरी गेलो. आई चान्या परतत होती. मी खिडकी उघडली. ती ओरडली, "आरं, शेजारी काय म्हणतील?" मी म्हणालो, म्हणू दे. तिनं पुन्हा लावली. मी पुन्हा उघडली.